रसाला जीभ लागते

मराठीत असा शब्द क्वचितच सापडेल, जो भाजीच्या पातेल्यात, वैद्याच्या खलात आणि नाटकाच्या थिएटरात सारख्याच हक्काने वावरतो. ‘रस’ हा तसा शब्द आहे. उसाचा रस, आंब्याचा रस, लिंबाचा रस हे झालं खाण्यापिण्यातलं. वांग्याची भाजी आपण सुकी करतो किंवा रसाची करतो, आणि त्या रसाला तिखट-मसाल्याचा जोर आला, वर तर्री चढली, की त्याचाच रस्सा होतो. जिभेचं एक नाव रसना. आयुर्वेदात चवीला रस म्हणतात, आणि खाल्लेलं अन्न पचून शरीरात जो पहिला धातू तयार होतो त्यालाही रसच म्हणतात. जुने वैद्य पाऱ्याला रस म्हणायचे, म्हणून पाऱ्याची आणि धातूंची औषधं करण्याची विद्या ती रसशास्त्र. कवितेत नऊ रस. बोलणं रसाळ असतं, भाषण नीरस होतं, पेरू रसरशीत असतो. मैफल रंगात आलेली असताना कुणाचा मोबाइल वाजला की रसभंग होतो. मनासारखं झालं नाही की विरस होतो. आणि लग्नाच्या स्थळापासून शेअर बाजारापर्यंत कशातही आपल्याला रस असतो, नाहीतर नसतो.

एवढ्या अर्थांना धरून ठेवणारा धागा कोणता, हा प्रश्न मला फार वर्षांपासून प्रिय आहे. पातळपणा म्हणावा तर कवितेत पातळ काय असतं? चव म्हणावी तर पाऱ्याची चव कुणी बघितली? विचार करता करता माझं मत असं बनत गेलं की या शब्दाच्या बहुतेक वापरांमागे एक अट उभी आहे. रस आपोआप हाती येत नाही. तो कुणीतरी काढावा लागतो आणि कुणीतरी घ्यावा लागतो. मराठीने त्याला क्रियापदंही तशीच जोडून दिली आहेत. रस काढतात, गाळतात, आटवतात, घेतात.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं. रस काढणं म्हणजे काय, हे मी पुस्तकाआधी गुऱ्हाळावर पाहिलं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली आणि आमच्याकडच्या गुळाला मोठा बाजार मिळाला. ते मला कळलं पुष्कळ उशिरा. लहानपणी गुऱ्हाळ म्हणजे दिवाळीनंतरच्या थंडीत रानात उठणारा धूर आणि अर्ध्या शिवारावर पसरलेला गोड वास. एका बाजूला चरक चालू, तिथून रस गाळून काहिलीत यायचा. काहील म्हणजे आमच्या घरातली सगळी मुलं गोल करून बसतील एवढी रुंद. खाली चुलवाण. त्यात जाळायला त्याच उसाची वाळलेली चिपाडं. उसाने आपलाच रस आटवायला आपलंच अंग द्यावं, ही व्यवस्था मला तेव्हाही विलक्षण वाटायची आणि आजही वाटते.

ताजा रस हिरवट-करडा, गढूळ दिसतो. त्याच्यात चुन्याची निवळी पडते, ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचं बुळबुळीत पाणी पडतं, आणि मग रस तापू लागला की सगळी घाण मळी होऊन वर येते. ती काढत राहायची. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळा पडतो आणि टिकत नाही. पुढे दोन-तीन तास नुसता जाळ. फेस चढतो, बसतो, पुन्हा चढतो. बुडबुडे आधी लहान आणि घाईचे असतात, मग मोठे आणि जड होतात. रंग केशरी, मग तांबूस. या सगळ्या वेळात एक माणूस काहिलीवरून नजर हलवत नाही. तो गुळव्या. त्याच्याकडे थर्मामीटर नसायचा. शेवटी शेवटी तो हात गार पाण्यात बुडवायचा, उकळता पाक चिमटीत घ्यायचा, परत पाण्यात धरायचा आणि बोटांनी वळून बघायचा. गोळी झाली की आधण उतरवा म्हणून हाक द्यायची. ती हाक आली की चार माणसं धावत. कारण मिनिटभर उशीर झाला तर पाक करपणार, आणि लवकर उतरवला तर ढेप बसणार नाही, काकवीच राहणार. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ हाती येतो. बाकी सगळं पाणी आणि चिपाड.

आता बऱ्याच ठिकाणी गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून पावडर टाकतात. मला तो पिवळा गूळ बघवत नाही. गुळाचा खरा रंग तांबूस-तपकिरी, आणि त्या रंगात गुळव्याची अर्धी रात्र असते.

मराठी वर्तमानपत्रांना ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ हा शब्दप्रयोग फार आवडतो. नुसती चर्चा चालू आहे, निष्पन्न काही नाही, असा त्याचा अर्थ. चरकाभोवती तासन्‌तास गोल गोल फिरणाऱ्या बैलांवरून तो आला असावा. पण ज्याने गुऱ्हाळ जवळून पाहिलंय त्याला तो वाचताना दुखतो. गुऱ्हाळात काहीही फुकट जात नाही. चर्चा खरोखरच गुऱ्हाळासारखी झाली, मळी काढत काढत झाली, शेवटी कुणीतरी हात पोळवून गोळी बघितली, तर राज्याचं भलंच होईल.

शहरात आल्यावर रस भेटला तो रसवंतीत. पुण्या-मुंबईकडे ज्या रसवंतीवर जाल तिचं नाव नवनाथ किंवा कानिफनाथ असण्याची दाट शक्यता. सासवडजवळ बोपगावला डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे आणि त्या पुरंदर भागातल्या कितीतरी कुटुंबांनी हा धंदा गावोगाव नेला. ‘रसवंती’ म्हणजे मुळात गोड वाणी, रसाळ जीभ. उसाच्या दुकानाला हे नाव ज्याने पहिल्यांदा दिलं तो माणूस भाषेवर प्रेम करणारा असला पाहिजे. चरकाला अजून घुंगरं बांधलेली असतात. बैल कधीच गेले, मोटर आली, पण आवाज ठेवला. बर्फ घालू नका, आलं-लिंबू असू द्या, आणि काढल्या काढल्या प्या, एवढंच रसवंतीबद्दल माझं सांगणं आहे. उसाचा रस हवा लागली की काळपटतो आणि काही तासांत आंबायला लागतो. तो ठेवायचा तर गूळ करूनच ठेवावा लागतो.

चवीच्या अंगाने पाहिलं तर आयुर्वेदाने रस सहा मोजले: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यात मराठी माणूस हमखास अडखळतो. कटु म्हणजे कडू, असं आपण धरून चालतो. पण आयुर्वेदात कटु म्हणजे मिरी-सुंठीसारखं तिखट, आणि कारलं-कडुनिंब जातात तिक्तात. आपला ‘कडू’ आला कटूपासूनच, वाटेत त्याने चव बदलली. तिखटाची जागा मोकळी झाली तेव्हा तिथे ‘तीक्ष्ण’च्या घराण्यातला शब्द येऊन बसला. शब्दसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर राहून मुरतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पण आयुर्वेदातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते दुसरंच. चरकसंहितेत म्हटलंय, ‘रसो निपाते द्रव्याणाम्’. पदार्थाचा रस कळतो तो जिभेवर पडताक्षणी. म्हणजे ताटात असलेल्या पदार्थाबद्दल आपण अंदाज करू शकतो, रस मात्र जिभेच्या भेटीतच समजतो. आणि ती भेट कोरडी असून चालत नाही. जीभ स्वच्छ पुसून कोरडी केली आणि तिच्यावर साखरेचा खडा ठेवला तर पाणी सुटेपर्यंत काही कळत नाही. पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय चव पोचतच नाही. तोंडाला पाणी सुटणं ही चवीची पहिली अट आहे.

हे मला आण्णांच्या आजारात नीट उमगलं. वडिलांच्या गळ्यावर किरणोपचार झाले. उपचार लागू पडले, पण लाळेच्या ग्रंथी सुकल्या. ज्या माणसाने आयुष्यभर रश्शाची वाटी तोंडाला लावून प्यायली, तो माणूस पहिल्या घासाला थांबला. “भुसा खाल्ल्यागत लागतंय बघ,” म्हणाले. आईने तेच मटण केलं होतं, तोच कांदा-लसूण मसाला, तेच खोबरं भाजून वाटलेलं. रश्शात कणभर फरक नव्हता. आम्ही उगाच मीठ वाढव, लिंबू पिळ, असं करत राहिलो, आणि लिंबाने तर तोंड आणखी झोंबायचं.

मग आईने स्वयंपाकाची तऱ्हाच बदलली. ताकातल्या कण्या, पातळ आमटी, भाकरी कुस्करून दुधात. प्रत्येक घासाआधी घोटभर पाणी, घास तोंडात घोळवत ठेवायचा, घाई करायची नाही. जे जिभेने द्यायचं ते ती देत नव्हती, तेव्हा आईने ते वाटीतून द्यायला सुरुवात केली. त्याच काळात आण्णांनी रेडिओ लावणंही सोडलं होतं. सकाळची भक्तिगीतं, रात्रीचं नाट्यसंगीत, यांतलं काहीच नको. शेजारच्या काकूंनी विचारपूस केली तर आई म्हणायची, “त्यांचा रसच गेलाय सगळ्यातनं.” जेवण आणि गाणं, दोन्हींसाठी तिला एकच शब्द पुरला आणि तो तंतोतंत बसला. चव परतली ती हळूहळू, सगळी परतली नाही. आधी खारट ओळखू यायला लागलं, गोड फार उशिरा. एका संध्याकाळी त्यांनी आपणहून विचारलं, “आमटीत चिंच आज जरा चढलीय का?” तक्रार ऐकून आमच्या घरात एवढा आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचा प्रश्न सरळ विचारला आहे: रस हा पदार्थ कोणता? आणि उत्तर एका शब्दात दिलं आहे: ‘आस्वाद्यत्वात्’. त्याचा आस्वाद घेता येतो म्हणून तो रस. पुढची फोड त्यांनी पूर्णपणे स्वयंपाकघरातून केली आहे. गूळ वगैरे द्रव्यं, मसाले, वनस्पती एकत्र आल्या की त्यांतून जशी निराळीच चव तयार होते, तसे निरनिराळे भाव एकत्र येऊन रस तयार होतो. काव्यातल्या रसाच्या मीमांसेचे मोठमोठे ग्रंथ वाचणाऱ्यांनी हे वाक्य शेकडो वेळा वाचलं असेल. मी गुळाच्या गावची, माझी नजर ‘गुडादिभिः’ या शब्दावरच खिळली. काव्याची एवढी मोठी मीमांसा आमच्या काहिलीच्या शेजारी बसून सुरू होते, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

त्याच ठिकाणी भरतांनी जेवणाऱ्यालाही एक विशेषण लावलं आहे, ‘सुमनसः’. नाना मसाल्यांनी सिद्ध केलेलं अन्न जेवताना सुमनस माणसं रसाचा आस्वाद घेतात, आणि तसेच सुमनस प्रेक्षक भावांचा. मन जागेवर असलेला, प्रसन्न, हजर असलेला माणूस. अन्न उत्तम आणि नट उत्तम एवढ्यावर भरतांचं भागत नाही. पुढे दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी हीच बाजू धरून ‘सहृदय’ प्रेक्षकाबद्दल विस्ताराने लिहिलं, आणि भरतांच्या आठ रसांत शांत हा नववा रस पक्का बसवण्यात त्यांचा वाटा मोठा. करुण नाटक बघून डोळे पुसत बाहेर पडणारा माणूस ‘छान झालं’ का म्हणतो, हा गहन प्रश्नही त्या परंपरेने सोडवायला घेतला. तो वाद मोठा आहे, इथे त्याच्यात शिरत नाही.

मला थांबायचंय ते आळंदीच्या ज्ञानोबांपाशी. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपदर्शन आहे. त्याच्या सुरुवातीलाच ज्ञानदेव म्हणतात, ‘शांताचिया घरा अद्भुत आला आहे पाहुणेरा’, आणि त्याच्यासोबत बाकीच्या रसांनाही पंगतीचा मान मिळाला. शांतरसाचं घर, अद्भुतरस पाहुणा, आणि उरलेले रस पांतिकर. पांतिकर म्हणजे पंगतीला बसलेले. लग्नात नवरा-नवरीच्या निमित्ताने वऱ्हाड्यांनाही कपडे-दागिने घालून मिरवायला मिळतं, तसे हे सगळे रस देशी भाषेच्या पालखीत मिरवले, असंही ते लगेच पुढे सांगतात. संस्कृतात पंडितांनी सूत्रं, वृत्ती, टीका करून जे चर्चिलं, ते ज्ञानदेवांनी पाट-रांगोळी मांडून मराठी माणसाच्या दारात आणून बसवलं. भरतांनी रसाची तुलना जेवणाशी केली होती, ज्ञानदेवांनी खुद्द रसांनाच जेवायला बोलावलं. आमच्या भाषेत हे घडलं, याचं मोल शब्दांत मांडणं कठीण आहे.

शाळेत मात्र या रसाची रया जाते. दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, असे ठरलेले मुद्दे, आणि गाइडमध्ये छापलेली तयार उत्तरं. मुलं ती पाठ करतात. ग्रहण करायला कविता आधी जिभेवर तरी पडायला हवी ना! भाचीला शिकवताना मी मुद्दे बाजूला ठेवायला लावते आणि आधी कविता तीन-चारदा मोठ्याने म्हणायला सांगते. कुठल्या ओळीवर आवाज आपोआप हळू झाला, ते लिही म्हणते. तिथून तिचं रसग्रहण सुरू होतं आणि मुद्द्यांमध्ये बसवायला ती स्वतःच वाट काढते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि एफटीआयआय यांच्याकडून जो फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा अभ्यासक्रम घेतला जातो, त्याच्यासाठी मराठीत ‘चित्रपट रसास्वाद’ हा शब्द रुळला. ग्रहणापेक्षा आस्वाद मला जास्त भावतो. शाळेनेही तोच घ्यावा.

‘मला त्यात रस नाही’ हे वाक्य जरा उलगडून बघा. ‘मला’ आणि ‘त्यात’, दोघंही त्या वाक्यात हजर आहेत. रस वस्तूत असतो म्हणावं तर ‘मला’ कशाला लागतं? माझ्यात असतो म्हणावं तर ‘त्यात’ कशाला? व्याकरणाने दोघांनाही जबाबदार धरलं आहे. आपण मात्र हे वाक्य सहसा समोरच्या गोष्टीवर शिक्का मारायला वापरतो. गणितात रस नाही, गाण्यात रस नाही, गावात रस नाही. आण्णांची कोरडी जीभ पाहिल्यापासून मला हे वाक्य पटकन म्हणता येत नाही. पहिल्यांदा ऐकताना कोरडा वाटलेला राग मी आता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकते, मधे घोटभर पाणी पिते. काही राग तरीही माझे होत नाहीत. पुष्कळ होतात.

आणि मे महिना आला की या सगळ्याचं प्रात्यक्षिक घरातच असतं. आमरस मिक्सरमधून काढावा की हाताने, यावर आमच्याकडे एकमत नाही, आणि मी ठामपणे हाताच्या बाजूची आहे. हापूस कापून खावा. रसाला पायरी घ्यावी, तिला पाणी जास्त आणि गोडीला थोडी आंबट कड असते. आंबे तासभर पाण्यात ठेवायचे, मग एकेक हातात घेऊन चहूबाजूंनी मऊ करायचा, देठाशी पहिला चीक पिळून टाकायचा आणि मग पातेल्यात रस काढायचा. मिक्सरने रस गुळगुळीत होतो, पण हाताच्या रसात मधेमधे गाठी राहतात आणि प्रत्येक गाठीला थोडी वेगळी चव असते. चिमूटभर मीठ घालायचंच. वरून तूप आणि मिरपूड घेणारी घरं आहेत, सुंठ घालणारी आहेत. खानदेशात याच रसाबरोबर खापरावरची पुरणपोळी येते, विदर्भात सरगुंडे. कोकणात रस उन्हात थरावर थर वाळवून साठं करतात, म्हणजे पावसाळ्यातही आंबा हाताशी राहतो.

रस काढून झाल्यावर कोयी आणि साली फेकू नका. त्या थोड्या पाण्यात चांगल्या चोळून धुवायच्या, ते पाणी गाळून घ्यायचं, त्यात मीठ, गुळाचा खडा, हिरवी मिरची, आणि पाण्याला दाटपणा यावा म्हणून चमचाभर बेसन कालवून लावायचं. तुपात जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. मंद आचेवर ढवळत एक उकळी आणली की आंब्याचं सार तयार होतं, आणि ते गरम भाताबरोबर त्याच दिवशी संपवायचं.